म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय डुलतात आणि कारण सापडत नाही : सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमची सोनी गावठी, अंगणातच वाढलेली. १२ वर्षांची असताना एका दिवाळीनंतर तिचे मागचे पाय डुलायला लागले. अमळनेरला दाखवलं, मग धुळं, मग नाशिक, एक्सरे झाले, रक्त दोनदा तपासलं, पण नक्की काय झालंय हे शेवटपर्यंत कोणी छातीठोक सांगू शकलं नाही. त्यानंतर ती दीड वर्ष जगली आणि त्यातले बरेचसे दिवस चांगले गेले. तेव्हापासून ओळखीतनं, मग ओळखीच्यांच्या ओळखीतनं फोन येतात, चोपड्याहून, शिरपूरहून, पाचोऱ्याहून, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस मला विचारू नका, तो कुत्र्याचं वजन आणि किडनी-लिव्हरचे रिपोर्ट बघूनच ठरतो.

वय झालंय तर पाय जाणारच ना, डॉक्टरकडे नेऊन काय होणार?

आमचे आबा पण हेच म्हणाले होते, "म्हतारी व्हई गई आते ती." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं आणि ६ आठवडे काहीच केलं नाही, त्याची खंत मला आजही आहे. मोठ्या जातीचं कुत्रं ७-८ वर्षांत म्हातारं होतं, लहान जातीचं १०-११ वर्षांत, सांधे झिजतात, हे सगळं खरं. पण झिजलेला सांधा दुखतो, आणि दुखण्यावर औषध आहे. शिवाय "वय झालं" या दोन शब्दांखाली काय काय लपतं बघा, गोचीड ताप, थायरॉईड कमी होणं, मणक्यातली गादी सरकणं, गुडघ्याचा लिगामेंट तुटणं, हृदयाचा त्रास, रक्त कमी होणं, हाडाची गाठ, आणि कधी कधी नुसतं वाढून पंजात रुतलेलं नख. यातल्या कितीतरी गोष्टींवर इलाज आहे. त्यामुळे वय झालं हे शेवटी म्हणा, सगळं तपासून झाल्यावर, सुरुवातीलाच नको.

कोणत्या वेळेला थांबायचंच नाही, रात्र असली तरी न्यायचं?

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं आणि आज सकाळी मागचे दोन्ही पाय फरपटतंय, असं झालं तर. पाठीला किंवा मानेला हात लावला की किंचाळतंय तर. १२ तास उलटून गेले आणि लघवीच झाली नाही तर. हिरड्या पांढऱ्याफटक दिसतायत, किंवा मागचे पाय लुळे आणि हाताला गार लागतायत तर (गार पाय म्हणजे रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते).

एक गोष्ट घरी बघता येते. मागच्या पायाचं बोट जरा जोरात चिमटीत दाबा. कुत्र्याने पाय मागे ओढला एवढ्यावर खूश होऊ नका, पाय ओढणं मणक्याच्या पातळीवर आपोआप होतं, डोक्यापर्यंत दुखणं पोचलंय का ते बघायचं असतं, म्हणजे ते वळून बघतं का, ओरडतं का, चावायला येतं का. काहीच केलं नाही तर एक एक तास महत्त्वाचा आहे. गादी सरकून मणक्यावर दाब आला असेल तर ऑपरेशनचा उपयोग तेव्हाच जास्त होतो जेव्हा पायातली जाणीव अजून शिल्लक असते.

नेताना कडेवर दुमडून घेऊ नका. फळीवर किंवा दोघांनी ताणून धरलेल्या चादरीवर आडवं न्या, पाठ सरळ राहिली पाहिजे.

आणि हे नीट वाचा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल, किंवा कधी दिली तेच आठवत नसेल, आणि अचानक पाय लुळे पडून जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय असं असेल तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज दरवेळी पिसाळलेलाच असतो असं नाही, तो लुळा पाडणाराही असतो. लाळ जखमेवर, ओरखड्यावर किंवा डोळ्या-तोंडात गेली असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची (डोळ्यात गेली तर नुसत्या भरपूर पाण्याने) आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. माणसात लक्षणं सुरू झाली की मग इलाज नाही.

त्याला दुखतंय, की नसांचं आहे, की नुसता अशक्तपणा आहे, घरी कसं ओळखू?

पूर्ण ओळखता येणार नाही, पण अंदाज येतो आणि त्या अंदाजाने डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

दुखणारं कुत्रं झोपेतून उठताना जास्त अवघडतं, चार पावलं चालल्यावर जरा मोकळं होतं. एका पायावर भार कमी देतं, तोच सांधा सारखा चाटतं, रात्री जागा बदलत राहतं, गरम होत नसताना धापा टाकतं, पोरांनी मिठी मारली की गुरगुरतं. बरेच जण म्हणतात की ते ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल. कुत्री जुनाट दुखण्याला ओरडत नाहीत. सोनी एकदाही ओरडली नाही, ती फक्त ओट्यावर चढायचं बंद झाली आणि दारात कोणी आलं तरी बसल्या जागेवरून भुंकायला लागली.

नसांचं असेल तर वेगळं दिसतं. चालताना नखं फरशीवर घासल्याचा खर्र खर्र आवाज येतो, मधल्या दोन बोटांची नखं पुढून झिजलेली असतात, पाय एकमेकांत अडकतात, वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. पोटाखाली हात देऊन उभं धरा आणि मागचा एक पंजा हळूच उलटा करून ठेवा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल. धड कुत्रं लगेच पंजा सरळ करतं. तसाच उलटा राहिला किंवा बऱ्याच उशिराने सरळ केला तर पाय कुठे आहे हे डोक्याला नीट कळत नाहीये. सोनीचा डावा पंजा तसाच राहायचा.

तिसरा प्रकार असा की सुरुवातीला नीट चालतं आणि शंभर पावलांनंतर मागचे पाय बसतात, थोडं थांबलं की परत उठतं. तिथे पायांच्या आधी हृदय, रक्त आणि स्नायू बघायचे. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी पाहिजेत. ताप घ्या. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेवढं त्याचं रोजचं आहे, पण १०३ च्या वर गेलं तर ताप धरायचा.

आपल्याकडे अजून एक बघावं लागतं, फवारणी. कपाशीवर फवारणीचे दिवस असतील आणि शेतावरचं कुत्रं अचानक थरथरतंय, लाळ गळतेय, जुलाब, पायात जोर नाही, तर ते म्हातारपण नाही, विषबाधा आहे. फवाऱ्याच्या टाकीशेजारी साचलेलं पाणी पितात, थिमेटसारखं दाणेदार औषध टाकलेल्या मातीत लोळून अंग चाटतात. औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत घेऊन ताबडतोब जा. उंदराच्या काही औषधांनी आतल्या आत रक्त वाहतं, ते सांध्यात साचलं तरी कुत्रं लंगडतं.

दवाखान्यात गेल्यावर ती एकदम नीट चालते, मग डॉक्टरांना काय दाखवू?

व्हिडिओ. भीतीने अंगात जोर येतो आणि टेबलावर सगळी कुत्री तरुण होतात. घरी सकाळी झोपेतून उठतानाचा, बाजूने चालतानाचा, मागून चालतानाचा, आणि पायरी चढतानाचा असे ४ छोटे व्हिडिओ काढा, फोन कुत्र्याच्या उंचीला धरून. मागून काढलेला स्लो मोशनमध्ये ठेवा, पंजा कुठे घासतो ते त्यात लख्ख दिसतं. दर रविवारी त्याच जागी तसेच काढत राहा. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला फरक कळत नाही, महिन्याचे ४ व्हिडिओ एकापुढे एक लावले की कळतं.

सोबत कागदावर कधी सुरू झालं, हळूहळू की एकदम, आधी कोणता पाय, कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं दिली त्यांची नावं. नाव माहीत नसेल तर रिकामी पट्टी न्या.

इथले डॉक्टर गाई-म्हशींचे, कुत्र्याचं त्यांना काय कळणार?

असं म्हणू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तेच पदवीचं शिक्षण घेऊन आलेले असतात, ताप, हिरड्या, सांधे, पंजा, रक्ताचा नमुना हे सगळं तिथे होतं. अडचण मशीनची असते. एक्सरेसाठी जळगाव-धुळ्याला जावं लागतं, पुढच्या तपासण्यांसाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे आणि त्याच आवारात जुनं बैलघोडा हॉस्पिटल, बऱ्याच अवघड केसेस शेवटी तिथे जातात. रेल्वेने नेणार असाल तर कुत्र्याला एकतर फर्स्ट एसीच्या पूर्ण कूपेमध्ये नेता येतं नाहीतर गार्डच्या ब्रेक व्हॅनमध्ये, आणि पाय नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एप्रिल-मेमध्ये ब्रेक व्हॅनमध्ये टाकू नका, गाडी करा.

रक्त माणसांच्या लॅबमध्ये देणार असाल तर काचपट्टीवरची तपासणी पण करून घ्या, कारण माणसांसाठी लावलेलं मशीन कुत्र्याच्या पेशी, त्यातही प्लेटलेट, नीट मोजत नाही.

गोचीड तर सगळ्याच कुत्र्यांना असतात, त्याने पाय कसे जातील?

जातात. ज्या तपकिरी गोचिडी आपल्याकडे कुत्र्यांवर दिसतात त्यांच्यातून एर्लिकिया, बबेसिया असे जंतू रक्तात जातात. ताप, खाणं बंद, प्लेटलेट कमी, सांधे सुजणं, आज हा पाय लंगडतोय तर उद्या तो, असं सगळं होतं. एर्लिकिया अंगात महिनोन्महिने दबून राहू शकतो, त्यामुळे अंगावर एकही गोचीड दिसत नाही म्हणून हा मुद्दा सोडू नका. यावर डॉक्सीसायक्लिन हे साधं औषध आहे, साधारण २८ दिवस चालतं, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं तरी कोर्स पुरा करायचा असतो. बबेसिया निघाला तर औषध वेगळं.

ही गोचीड घरात राहूनही वाढते, भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, गोठ्याच्या कुडात. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. मात्र गोठ्यासाठी आणलेलं गोचीडाचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतू नका, त्यानेच विषबाधा होते.

एक्सरे काढला, "थोडी झीज आहे" म्हणाले, पण एवढ्याने एवढं होईल का? आता पुढे काय?

हाच तो प्रश्न ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

एक्सरेमध्ये हाड दिसतं. गादी दिसत नाही, मणक्यातली नस दिसत नाही, लिगामेंट दिसत नाही. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक कुत्र्यांच्या एक्सरेमध्ये थोडी झीज निघतेच, ती आहे म्हणजे तीच कारण आहे असं नाही, आणि ती कमी आहे म्हणून कुत्र्याला कमी दुखतंय असंही नाही. मणक्याचं नीट बघायचं तर एमआरआय लागतो, तो खान्देशाबाहेर मोठ्या शहरात, खर्च हजारांमध्ये, आणि पूर्ण भूल द्यावी लागते. आम्ही नाशिकच्या डॉक्टरांना एकच विचारलं, एमआरआयमध्ये काही निघालं तर तुम्ही १३ वर्षांच्या सोनीचं ऑपरेशन कराल का? ते म्हणाले, बहुतेक नाही. मग आम्ही तो केला नाही. तुमचं कुत्रं ८ वर्षांचं असेल, बाकी ठणठणीत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबर असेल.

काही आजार तर असे आहेत की जिवंतपणी त्यांचं नाव पक्कं करताच येत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत, जर्मन शेफर्डमध्ये जास्त, मणक्यातली नस हळूहळू मरत जाते, त्याला डिजनरेटिव्ह मायलोपथी म्हणतात. साधारण ८ वर्षांनंतर सुरू होतं, दुखत नाही, आधी एक पाय घासतो मग दोन्ही, आणि सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात मागचा भाग पूर्ण जातो. जीनची टेस्ट आहे पण ती फक्त शक्यता सांगते, खात्री मेल्यानंतर मणका तपासूनच होते. त्यावर औषध नाही, पण रोज व्यायाम केलेली कुत्री जास्त दिवस चालतात.

म्हणून आम्हाला डॉक्टरांनी जो रस्ता दाखवला तो सांगते. आधी ज्यावर इलाज आहे ते सगळं एकेक करून बाजूला काढायचं, ताप, गोचीड, थायरॉईड, रक्त, हृदय, नखं, पंजातला काटा (बाभळीचा काटा आणि कुसळ बोटांच्या मध्ये शिरून आत सरकतं, वरून फक्त छोटं भोक दिसतं, सराटे तर विचारूच नका). मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवडे दुखण्यावरचं औषध देऊन बघायचं. कुत्रं बदललं, उठायला लागलं, शेपूट वर आली, तर दुखत होतं हे सिद्ध झालं, कारण सापडो न सापडो. सोनीच्या बाबतीत असंच झालं. पंजा उलटा पडायचा तो पडतच राहिला, म्हणजे नसांचं काहीतरी होतंच, पण नवव्या दिवशी ती स्वतः उठून मागच्या दारी गेली. तिच्या दुखण्याला नाव मिळालं नाही, पण दुखणं कमी झालं, आणि मला वाटतं तिला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

घरात माणसांची पेन किलर आहे, अर्धी दिली तर चालेल?

नाही. पाव पण नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाईड यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पॅरासिटामॉलने लिव्हर. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून आपल्या देशात बंद आहे, ते गिधाडांमुळे, पण कुत्र्यालाही ते वाईटच. मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन डॉक्टर देतात, ते जेवणासोबत द्यायचं, उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा खाणं बंद झालं की त्याच क्षणी बंद करून फोन करायचा. गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) दिलं तर पहिले काही दिवस झोप जास्त येते आणि पाय अजून डुलतात, घाबरू नका, डॉक्टरांना सांगा, मनाने एकदम तोडू नका. माणसांचं गॅबापेंटिनचं पातळ औषध मात्र वापरू नका, काहींमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते, ती कुत्र्याला विष आहे.

इंजेक्शन दिलं की चार दिवस पळते, मग परत बसते. तेच देत राहू का?

आधी विचारा ते इंजेक्शन कसलं आहे. स्टेरॉइड असेल तर उठते खरी, आणि काही आजारांत ते लागतंही, पण विचार न करता दर आठवड्याला देण्याची गोष्ट नाही ती. आमच्या बाबतीत सुरुवातीला एका ठिकाणी स्टेरॉइड दिलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच दिवशी पेन किलर दिली गेली, मी पहिलं सांगितलंच नाही कारण मला नावच माहीत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी सोनीला काळी शी झाली. या दोन औषधांमध्ये काही दिवसांचं अंतर लागतंच. तेव्हापासून मी एक वही केली, तारीख, औषध, किती, काय फरक. तुम्ही पण करा.

तेल, लेप, डागणी, कॅल्शियम?

डागणी देऊ नका. कोणी कितीही अनुभवाचं सांगितलं तरी नाही, बैलाला देतात म्हणून कुत्र्याला नाही आणि खरं तर बैलालाही नको. भाजलेल्या जखमेचं दुखणं वर वाढतं, बाकी काही होत नाही.

लसूण कढवलेलं तेल आपल्याकडे सर्रास लावतात. कुत्रं ते चाटणार, आणि लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. वेदनेचे बाम पण नको, कापूर आणि सॅलिसिलेट पोटात जातं. मालिश करायची तर कोरड्या हाताने, मांडीच्या स्नायूंची, हलकी. जुनं आखडलेपण असेल तर कोमट पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १०-१५ मिनिटं, आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघा. नवीन सूज असेल तर शेक नाही, गार पट्टी.

कॅल्शियमचं सिरप झीज भरून काढत नाही. ज्याला त्याला ते दिलं जातं, त्या पैशात अंडी आणा. माशाच्या तेलाचा थोडा उपयोग होतो, डोस डॉक्टरांकडून घ्या. जवस कितीही चांगली असली तरी कुत्र्याच्या शरीरात तिच्या तेलाचं माशाच्या तेलासारखं रूपांतर फारसं होत नाही.

खाण्यात काय बदल करू?

वजन कमी करा, एवढंच. सांधे दुखणाऱ्या जाड कुत्र्याचं वजन ६-७ टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होतं, म्हणजे ३० किलोच्या लॅब्रॅडॉरचे फक्त २ किलो. हात सपाट पालथा ठेवून त्याच्या हाडांवरून बोट फिरवा, बरगड्या साधारण तशा लागल्या पाहिजेत. चाचपूनही लागत नसतील तर जाड आहे.

केळीच्या बागेतली कुत्री दिवसाला चार-चार केळी खातात, त्याने विष होत नाही पण गोड किती जातं पोटात. भाकरी निम्मी करा, त्याजागी उकडलेलं गंगाफळ (लाल भोपळा), बिनमिठाचं चिकन, अंडं. भरीत, शेवभाजी, फोडणीची डाळ यातलं काही नाही, कांदा-लसूण सगळ्यात असतो. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा, आमच्याकडे आबा लपून बिस्किटं द्यायचे, प्रेमानेच द्यायचे, म्हणून मग आम्ही त्यांना चिकनचे बारीक तुकडे डब्यात भरून दिले, यातनं द्या म्हटलं, दोघंही खूश.

बाहेर मातीत नीट चालतो, घरात आला की पाय पसरतात. असं का?

टाइल्स. धाब्याच्या जुन्या घरात सारवलेल्या जमिनीवर जे कुत्रं धड चालतं तेच नवीन घरात गुळगुळीत फरशीवर बसून जातं. घसरायच्या भीतीने ते उठणंच सोडतं, न उठल्याने मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग खरंच उठता येत नाही. आमचा सगळ्यात मोठा फरक औषधाच्या बरोबरीने इथे पडला. गोठ्यात गाईंखाली टाकतात ती जाड रबरी मॅट आणली, झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि तिथून मागच्या दारापर्यंत सलग वाट केली. तेवढं नको असेल तर जुन्या योगा मॅट कापून टाका. गोणपाट टाकलंत तर कडा चिकटवा, नाहीतर तेच सरकतं. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं कापा (पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो त्याच्या अलीकडे थांबा). जिन्यासमोर केळीचे दोन रिकामे क्रेट आडवे लावले की काम झालं. पाण्याचं भांडं कुत्र्याच्या कोपराच्या उंचीला ठेवलं की पुढच्या पायांवर आणि मानेवर ताण कमी.

फिरवायचं की आराम द्यायचा?

गादी सरकल्याची शंका असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ४ ते ६ आठवडे कडक आराम, म्हणजे छोट्या जागेत बंद, फक्त शू-शीसाठी बाहेर. बाकीच्यांना रोज थोडं थोडं चालवा. १० मिनिटं तीनदा, रविवारी एकदम तासभर नाही.

उन्हाळा आपला तुम्हाला माहीत आहे, मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. सकाळी ७ च्या आत, नाहीतर दिवस बुडाल्यावर, आणि त्याआधी हाताची उलटी बाजू डांबरावर ७ सेकंद ठेवून बघा. एक गोष्ट फार जण विसरतात, अंगणात सकाळी सावलीत बसवलेलं कुत्रं, सावली सरकते आणि त्याला सरकता येत नाही. दर तासाला बघा. पावसाळ्यात काळी माती पंज्याला किलोकिलोने चिकटते, अशा पायांना ती उचलवत नाही, सडकेच्या कडेने न्या, आल्यावर बोटांमधून धुवून कोरडं करा. थंडीत सकाळी उठायची घाई करू नका, गोधडी टाका, ऊन वर येऊ द्या.

पोहण्याचा व्यायाम चांगला असं ऐकून कोणी शेततळ्यात सोडतं. कृपा करून नको. प्लास्टिकच्या पन्नीवरून धडधाकट कुत्र्याला वर येता येत नाही.

घरी करायला दोन सोपे व्यायाम. आडवं झोपवून मागचा पाय सायकल चालवल्यासारखा हळूहळू १०-१५ वेळा, दुखेल तिथे थांबायचं. आणि ठिबकच्या नळीचे तुकडे जमिनीवर हात-हात अंतराने ठेवून त्यावरून सावकाश चालवायचं, पाय उचलायची आठवण राहते.

उठवायला पट्टा कसा करू? चाकाची गाडी घ्यावी का?

जुनी सुती साडी चौपदरी करा, पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून, दोन्ही टोकं वर धरा. भार सगळा उचलायचा नाही, फक्त तोल द्यायचा. नर असेल तर शूच्या जागेवर दाब येत नाही ना बघा. शेपटीला किंवा पुढच्या पायांना धरून कधीच उचलू नका.

गाडी घ्या, जर पुढचे पाय मजबूत असतील आणि त्याला अजून फिरायची हौस असेल. मापात लागते, पाठ सरळ राहिली पाहिजे. आमच्या इथल्या एका प्लंबरभाऊंनी पीव्हीसी पाइप आणि पोरांच्या सायकलची चाकं लावून केली, दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. सुरुवात ५ मिनिटांनी, मग हळूहळू १५-२०, दिवसभर त्यात ठेवायचं नाही, त्यात झोपता येत नाही. पहिल्या दिवशी सोनी पुतळ्यासारखी उभी राहिली. चौथ्या दिवशी बोरी नदीच्या पात्राकडे निघाली, ते मला विसरता येत नाही.

आता उठतच नाही, जागेवरच करतो. जखमा पडतायत.

दर ४ तासांनी कूस बदला, रात्री पण एकदा. जाड फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर सुती चादर, ओली झाली की लगेच बदला. नितंबाचं, कोपराचं, घोट्याचं हाड रोज बघा, लाल दिसलं तिथेच थांबवता येतं, फुटल्यावर महिने जातात. उन्हाळ्यात अशा जखमेत एका दिवसात अळ्या पडतात, केस काढून टाका, माश्या बसू देऊ नका. लघवी थेंबथेंब गळते म्हणजे होतेय असं समजू नका, भरलेली पिशवी पण गळते. ती दाबून कशी रिकामी करायची ते डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्या, फोनवर शिकता येत नाही. घाण वास किंवा लालसर दिसली तर इन्फेक्शन.

मान वाकडी झाली, गोल फिरतो, डोळे इकडेतिकडे होतात. लकवा आहे का?

बहुतेक वेळा लकवा नसतो. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचा असा झटका येतो, दिसायला फार भयंकर, पण २-३ दिवसांत कमी व्हायला लागतो आणि दोनेक आठवड्यांत बरंच सुधारतं, मान थोडी तिरकी राहिली तरी राहू शकते. डॉक्टरांना कान मात्र तपासायला सांगा. हे बघून घाईने "आता सोडवा" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवलंय.

घरचे म्हणतात शेतावर सोडून दे, किंवा जाऊ दे आता. काय उत्तर देऊ?

शेतावर सोडलेलं पांगळं कुत्रं दोन दिवसांत मरतं, उन्हाने, तहानेने नाहीतर दुसऱ्या कुत्र्यांच्या चावण्याने. एवढं सरळ सांगा. आणि भांडू नका, कामं वाटून द्या. आबांकडे दुपारची कूस बदलायचं काम दिलं तेव्हापासून ते "म्हतारी व्हई गई" म्हणायचे बंद झाले, त्याऐवजी "तिनी कुशी बदली का?" विचारायला लागले.

थांबायचं कधी, हे कसं कळणार?

पाय गेले म्हणून नाही. पाय नसलेली कुत्री खातात, खेळतात, भुंकतात. आम्ही सोनीच्या तीन आवडी लिहून ठेवल्या होत्या, दारात कोणी आलं की भुंकणं, अंडं, आणि संध्याकाळी आबांच्या पायाशी बसणं. कॅलेंडरवर रोज चांगला दिवस असेल तर टिक, वाईट असेल तर फुली. दोन आठवडे फुल्या टिकांपेक्षा जास्त झाल्या, अंडं तिने तोंडात घेऊन ठेवून दिलं, आणि औषध वाढवूनही रात्री कण्हणं थांबेना, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, गाढ झोप लागल्यावर दुसरं. विचारून घ्या की असंच करणार ना. दुपारी नको, गर्दीत नको, जवळचं माणूस पाशी असू द्या. शेताच्या बांधावर पुरायचं तर विहिरीपासून लांब आणि खोल, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, वरवर पुरलं आणि दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरतं.

औषधं, पट्टा, गाडी उरलीय. फेकवत नाही. काय करू?

औषधं कोणाला देऊ नका, डॉक्टरांकडे परत करा. फोमची गादी धुवून उन्हात दोन दिवस वाळवा. गाडी आणि मॅट तालुक्याच्या दवाखान्यात सांगून ठेवा, कोणी ना कोणी येतंच विचारत. सोनीची गाडी सध्या पारोळ्याला एका ११ वर्षांच्या लॅब्रॅडॉरकडे आहे, मागचा पाइप कापून चार बोटं वाढवावा लागला. ती माणसं दर रविवारी मागून काढलेला व्हिडिओ पाठवतात, आणि मी तो आबांना दाखवते.